सिंहगडाची गोष्ट आणि हरवलेले हसू : पोवाडा, कादंबरी, चित्रपट

प्रस्तावना

मराठी ऐतिहासिक चित्रपटाची चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते. पडद्यावर दाखविलेले खरे किती आणि कल्पित किती, हा तो प्रश्न होय. प्रश्न रास्त आहे. परंतु तो पुरेसा नाही. कल्पिताचा अंश प्रत्येक ऐतिहासिक कलाकृतीत असतोच. त्यामुळे एखादी कल्पना प्रेक्षकाला कल्पना म्हणून कळते आणि दुसरी इतिहास म्हणून त्याच्या मनात रुजते, असे का घडते, याचा शोध अधिक महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखकाच्या मते याचे एक कारण कथनाच्या सुरात आहे. कथन जेथे हसते तेथे ऐकणारा सावध असतो. कथन जेथे अखंड गंभीर असते तेथे तो प्रमाण मागत नाही. सिंहगडाच्या कथेने पोवाड्याकडून कादंबरीकडे व कादंबरीकडून चित्रपटाकडे जो प्रवास केला, त्याच्या आधारे या विधानाची तपासणी येथे करावयाची आहे.

या विषयाकडे वळण्याचे निमित्त अध्यापनातील आहे. परभणी जिल्हा हा गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा, बव्हंशी सपाट प्रदेश. सह्याद्रीचा कडा म्हणजे काय, हे येथील बहुसंख्य विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले नसते. शिवकालातील मोहिमांपैकी या भागाला भौगोलिकदृष्ट्या जवळची म्हणजे १६७९ ची जालन्याची स्वारी. गिरिदुर्गांचे युद्ध मात्र सारे दूर पश्चिमेला. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि मराठ्यांच्या इतिहासाची ओळख येथील मागील पिढ्यांना कीर्तन, पोवाडा व कादंबरी यांतूनच अधिक झाली. आजच्या पिढीला ती पडद्यावरून होते. त्यामुळे कोंढाण्याच्या लढाईवर टीप लिहावयास सांगितली असता पदवीच्या प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिकांत कमळकुमारीचे अपहरण हे मोहिमेचे एक कारण म्हणून निःशंकपणे नोंदविलेले आढळते. त्याच विद्यार्थ्यांना सूर्याजी मालुसरे यांच्याविषयी विचारले असता बहुतेक गप्प राहतात. ही अदलाबदल विचार करावयास लावणारी आहे.

साधनांतील कोंढाणा

प्रथम मूळ घटनेविषयी. जून १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वये शिवाजी महाराजांनी मोगलांना जे २३ किल्ले दिले, त्यांत कोंढाणा होता. ४ फेब्रुवारी १६७० रोजी, म्हणजे माघ वद्य नवमीच्या रात्री, तो परत घेण्यात आला आणि त्या लढाईत तानाजी मालुसरे पडले. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत जिंजी येथे लिहिल्या गेलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत हा प्रसंग आला आहे. तानाजीने गड घेण्याचे आपणहून कबूल केले, मानाची वस्त्रे व विडे घेतले, पाचशे माणसांनिशी रात्री कडा चढून तो वर गेला, उदेभान या रजपूत किल्लेदाराशी त्याची गाठ पडली, ढाल तुटल्यावर त्याने डाव्या हाताचीच ढाल केली, आणि दोघेही पडले. त्यानंतर तानाजीचा भाऊ सूर्याजी याने लोक सावरून लढाई पुरी केली. गडावरील पागेला लावलेली आग हीच राजगडावर विजयाची खूण ठरली. सभासदाच्या बखरीत ना घोरपड आहे, ना रायबाचे लग्न, ना शेलारमामा. कमळकुमारीचा तर प्रश्नच उद्भवत नाही.

सभासदाने महाराजांच्या तोंडी घातलेले उद्गारही आपल्या पाठ्यपुस्तकी म्हणीहून वेगळे आहेत. तेथे सिंहाचा उल्लेख नाही. एक गड मिळविताना दुसरा गड गमावला, अशा अर्थाचे ते वाक्य असून त्यात माणसालाच गड म्हटलेले आहे. शिवाय तानाजीच्या मृत्यूवरून किल्ल्याला सिंहगड हे नाव पडले, ही सर्वमान्य समजूतही टिकत नाही. कारण महाराजांच्या १६६३ च्या एका पत्रात, म्हणजे लढाईच्या सात वर्षे आधी, सिंहगड हे नाव आलेले आहे. एवढ्या सर्वपरिचित गोष्टीबाबतही प्रमाण एका बाजूला आणि समज दुसऱ्या बाजूला अशी स्थिती आहे. फारसी साधनांच्या आधारे शिवकालाची फेरमांडणी करणारे सेतुमाधवराव पगडी हे आपल्या मराठवाड्यातलेच, निलंग्याचे. साधनचिकित्सेची परंपरा आपल्याला परकी नाही, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

पोवाड्याचे हसू

तुळशीदास शाहिराच्या नावावर असलेला तानाजीचा पोवाडा अॅक्वर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहामुळे छापील रूपात सर्वांसमोर आला. हा पोवाडा आपण वीररसाचा नमुना म्हणून शिकवितो. तो तसा आहेच. पण तो मन लावून वाचला, किंबहुना मोठ्याने म्हणून पाहिला, तर त्यात ठायी ठायी मिस्कीलपणा आहे, हे ध्यानात येते.

मोहिमेचा आरंभच पाहावा. जिजाबाईंना गडावरून कोंढाणा दिसतो, त्या महाराजांना बोलावून घेतात आणि सोंगट्यांचा डाव मांडतात. डाव जिंकल्यावर मुलाकडे बक्षीस म्हणून मागतात तो शत्रूच्या ताब्यातला किल्ला! राज्याच्या लष्करी धोरणाचे हे कारण इतिहासात बसणारे नाही, आणि शाहिरालाही ते तसे अभिप्रेत नाही. आईपुढे मुलाचे काही चालत नाही, मग तो छत्रपती का असेना, हा घरोघरीचा अनुभव तो सांगत आहे. फडापुढे बसलेल्या शेतकऱ्याला त्यातली गंमत समजत होती.

पुढे तानाजी वेषांतर करून गडाच्या पहारेकरी कोळ्यांत जातो, आपण पाटील असल्याची बतावणी करतो, वाटेत वाघ मागे लागल्याची थाप मारतो, पान खिलवतो, दागिने वाटतो आणि बोलता बोलता गडाचा सारा ठाव काढून घेतो. हा प्रसंग तमाशातील बतावणीच्या फार जवळचा आहे. ऐकणाऱ्याला थाप ठाऊक आहे, ज्याला थाप मारली जाते त्याला ती ठाऊक नाही. विनोदाची ही सर्वांत जुनी युक्ती होय. उदेभानाचे वर्णन तर उघड अतिशयोक्तीचे आहे. त्याच्या अठरा बायका, त्याचा अचाट आहार, त्याचा चंद्रावळी हत्ती, त्याचा सिद्दी हिलाल हे सगळे लहान मुलांना सांगावयाच्या राक्षसाच्या गोष्टीसारखे वाढवत नेलेले आहे. आणि ती प्रसिद्ध घोरपड कड्यावरून मागे फिरते तेव्हा तानाजी तिची पूजाअर्चा करीत बसत नाही; तुला कापून खाईन, अशी धमकी देतो. शेलारमामाच्या वयाचा, त्याच्या हट्टाचा उल्लेखही असाच आपुलकीने थट्टा करणारा आहे.

या हसण्याचे ऐतिहासिक मोल काय, असे कोणी विचारील. मोल असे की, या सुरामुळे ऐकणाऱ्याला कथा आणि वृत्तांत यांतील अंतर आपोआप कळत असे. एवढे खाणारा माणूस नसतो, हे शाहिरालाही माहीत होते व श्रोत्यालाही. त्या सामंजस्याच्या बळावरच पोवाडा अखेरीस रडवू शकतो. ज्या बाईने खेळात किल्ला मागितला तिच्यापुढे प्रेत येते, तेव्हा मघाचा खेळ श्रोत्याच्या अंगावर येतो. हसण्याने शौर्य उणावले नाही.

कादंबरीचा गंभीर सूर

हरि नारायण आपटे यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी विसाव्या शतकाच्या आरंभीची, १९०३ ची. आपट्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी 'म्हैसूरचा वाघ' ही मेडोज टेलर यांच्या टिपू सुलतानावरील कादंबरीवर आधारलेली होती. हे टेलरसाहेब निजामाच्या नोकरीत नळदुर्गला राहिलेले. तेव्हा मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या वंशवेलीचे एक मूळ आपल्याच भागात निघते, ही गोष्ट जाता जाता नोंदवून ठेवण्याजोगी आहे. स्कॉटच्या धर्तीची ही कादंबरी म्हणजे इतिहासातील मोठ्या घटनेच्या भोवती खासगी संकटाची कथा गुंफण्याची रीत. कोंढाण्याच्या घटनेला तसे खासगी संकट नव्हते. म्हणून आपट्यांनी सती जाण्यास निघालेली रजपूत स्त्री कमळकुमारी निर्माण केली, उदयभानूकडून तिचे अपहरण करविले आणि गडावरील लढाईला तिच्या सुटकेची जोड दिली.

कादंबरीकार म्हणून हा त्यांचा अधिकारच होता व त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. या योजनेने कथेला वेळेची निकड आली, खलनायकाला चेहरा आला, आणि 'करमणूक'सारख्या घरात वाचल्या जाणाऱ्या पत्राच्या वाचकांना, विशेषतः स्त्रीवाचकांना, गुंतवून ठेवणारा धागा मिळाला. मात्र त्याबरोबर मोहिमेचा हेतू बदलला. साधनांतील कोंढाणा हा तहात गेलेल्या मुलुखाची परतफेड होता. कादंबरीतील कोंढाणा हा अबलेच्या शीलरक्षणाचा प्रश्न झाला. आणि पोवाड्यातील तो सोंगट्यांचा, थापांचा, घोरपडीला दम भरण्याचा सूर मागे पडून एक करुण-उदात्त सूर सर्वत्र पसरला. वासाहतिक राजवटीत, पुस्तकांतून मराठ्यांची लुटारू म्हणून संभावना होत असताना, सुशिक्षित मराठी लेखकाला आपल्या वीरांविषयी हसणे परवडणारे नव्हते, हे समजण्यासारखे आहे. शाहिराला ते परवडत होते. त्याला आपला वीर कोणापुढे सिद्ध करावयाचा नव्हता.

पडद्यावरील सिंहगड

या कादंबरीवरून बाबूराव पेंटर यांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२३ मध्ये 'सिंहगड' हा मूकपट काढला. कृत्रिम प्रकाशाचा उपयोग करून रात्रीच्या लढाईची दृश्ये चित्रित करण्याचे श्रेय या चित्रपटाला दिले जाते. त्याला लोटलेली गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असे चित्रपटाच्या इतिहासात सांगितले जाते. मुंबई इलाख्याचा करमणूक कराचा कायदा १९२३ चाच आहे, एवढे निश्चित. या मूकपटात ऐंशी वर्षांचा शेलारमामा झाला होता तो बाविशीच्या आसपासचा एक तरुण. त्याचे नाव व्ही. शांताराम. दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, याच शांतारामबापूंनी 'प्रभात'साठी 'सिंहगड' हा बोलपट दिग्दर्शित केला. कादंबरी तीच होती.

मूकपटाला बोलता येत नाही, म्हणून पोवाड्यातील बतावणी त्यात येणे अवघडच. कडा, दोर, मशाली व तलवारी मात्र येऊ शकत होत्या, आणि त्या आल्या. साहसाचा भाग वाढला, संभाषणाच्या चातुर्याचा भाग घटला. माध्यमाची मर्यादा पुढे परंपरा झाली, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. बोलपट आल्यावर थापा मारणारा तानाजी परत येऊ शकला असता; पण तोवर ऐतिहासिक चित्रपट कसा असावा याचा साचा पक्का झाला होता, आणि त्या साच्यात विनोद गेलाच तर दुय्यम पात्रांकडे गेला. भालजी पेंढारकरांच्या परंपरेतही नायकाचा सूर भारदस्तच राहिला.

शंभर वर्षांनंतर या साच्याचे काय झाले, ते २०२० च्या 'तान्हाजी' या हिंदी चित्रपटात दिसते. सती जाण्याच्या तयारीतून पळवून आणलेली कमळा तेथे आहे. आपट्यांच्या कल्पनेतली स्त्री, भाषा बदलून, शतकाहून अधिक काळ जिवंत राहिली. विशेष म्हणजे पोवाड्यातला अचाट खाणारा उदेभानही तेथे परत आला आहे. हा उदयभान मगर भाजून खातो. शाहिराने ज्या अतिशयोक्तीवर लोकांना हसविले, तिच्यावर आता पार्श्वसंगीताच्या साथीने दहशत उभी केली जाते. 'नागीण' नावाच्या प्रचंड तोफेचेही तेच. सामग्री पोवाड्याची, पण सूर मात्र बखरीहूनही गंभीर! अशा चित्रपटांच्या आरंभी कल्पनास्वातंत्र्य घेतल्याची सूचना झळकते खरी. परंतु पुढील दोन तास चित्रपटाचा प्रत्येक क्षण त्या सूचनेच्या विरुद्ध साक्ष देत असतो.

दोन समकालीन

येथे बाहेरचे एक उदाहरण उपयोगी पडेल. तानाजीनंतर अवघ्या तीन वर्षांनी, १६७३ मध्ये, मास्ट्रिख्टच्या वेढ्यात दार्तान्यां नावाचा एक फ्रेंच सरदार मारला गेला. तानाजीप्रमाणे हाही खरा माणूस, खरा योद्धा व लढाईतच पडलेला. १७०० मध्ये कूर्तिल द सांद्रा या लेखकाने त्याच्या नावाने बनावट आत्मवृत्त लिहिले; त्याच्या आधारे अलेक्झांडर द्यूमाने १८४४ मध्ये 'थ्री मस्केटिअर्स' ही कादंबरी रचली; आणि १९७३ मध्ये रिचर्ड लेस्टर यांनी तिच्यावर एक विनोदी साहसपट काढला. त्याची पटकथा जॉर्ज मॅक्डोनल्ड फ्रेझर यांची. ऐतिहासिक साहसाची थट्टा करणाऱ्या कादंबऱ्यांबद्दल हे लेखक स्वतःच प्रसिद्ध होते.

लेस्टरच्या चित्रपटात तलवारबाज घसरतात, धापा टाकतात. खिशात पैसे नसल्याने खाणावळीत खोटे भांडण उभे करून त्या गोंधळात जेवण लांबवितात. चित्रपट पाहून कोणा फ्रेंच विद्यार्थ्याने खाणावळीतील ती चोरी परीक्षेत लिहिली असेल, असे संभवत नाही. आणि त्यामुळे दार्तान्यांची प्रतिष्ठा कमी झाली, असेही नाही. उलट सतराव्या शतकातील शिपाई अर्धपोटी असे, त्याचे कपडे मळके असत, तलवारबाजी हे दमवणारे काम असे, हा सामाजिक इतिहास त्या विनोदातून जितका पोचतो तितका झगमगीत चित्रपटांतून पोचत नाही. हसविणारा चित्रपट आपले कल्पितपण लपवीत नाही. म्हणूनच त्यातले जे खरे आहे ते वेगळे काढता येते.

घाशीरामची अडचण

परंतु हे विधान सरसकट करता येणार नाही, कारण आपल्याकडेच त्याच्या विरुद्ध जाणारे एक मोठे उदाहरण आहे. १७९१ मध्ये पुण्यात दगडांनी ठेचून मारला गेलेला कोतवाल घाशीराम सावळदास याच्यावर मोरोबा कान्होबा यांनी १८६३ मध्येच एक गमतीदार संवादात्मक पुस्तक लिहिले होते. त्या पुस्तकाने कोणाची झोप उडाल्याचे ऐकिवात नाही. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' हे नाटक मात्र १६ डिसेंबर १९७२ रोजी रंगभूमीवर आले आणि १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेला ते थांबवावे लागले. पुढे १९७४ मध्ये थिएटर अकॅडमीने ते पुन्हा उभे केले. १९७६ चा चित्रपट याच नाटकावरून निघाला. आपले नाटक ऐतिहासिक नाही, असे तेंडुलकरांनी स्वतः स्पष्ट केले होते. नाच, गाणे, उपहास, माणसांची हलती भिंत, सारे काही हा खेळ आहे असेच सांगत होते. तरीही नाना फडणविसांच्या चित्रणावरून त्याच्याकडे इतिहासाचा अपमान म्हणूनच पाहिले गेले.

तेव्हा हसण्याने प्रेक्षक सावध होतो, हे खरे असले तरी कोण कोणाला हसतो आहे यावर बरेच अवलंबून असते. पोवाड्याचे हसू आपल्या माणसाविषयीचे होते. 'घाशीराम'चे हसू सत्तेवर चालून जाणारे होते, आणि ज्यांना ते लागले त्यांनी त्याच्याशी इतिहासाच्या भाषेत वाद घातला. या दोहोंच्या मधली एक वाट २००९ च्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मध्ये परेश मोकाशी यांनी दाखविली. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची जन्मकथा त्यांनी हसत हसत सांगितली. तिचा आधार कादंबरी नसून चरित्र होते. लोकांना खरे सांगण्याची सोय नाही, म्हणून हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो असे सांगा, ही त्यातली गंमत फाळके यांच्या आठवणींतूनच आलेली आहे. फाळके यांना हसल्याबद्दल कोणी रागावले नाही. अर्थात फाळके हे चित्रपटाचे जनक असले तरी मराठी अस्मितेचे दैवत नव्हेत, हा फरक विसरता कामा नये.

वर्गातील सिंहगड

प्राध्यापक म्हणून आपल्यापुढे प्रश्न उरतो तो व्यवहाराचा. चित्रपट पाहू नका, असे विद्यार्थ्यांना सांगण्यात अर्थ नाही, आणि तो त्यांनी पाहिला आहे हे गृहीत धरून शिकविणे अधिक सोयीचे आहे. प्रस्तुत लेखकाने गेली काही वर्षे प्रथम वर्षाच्या वर्गात एक साधा प्रयोग चालविला आहे. सभासदातील कोंढाण्याचा मजकूर जेमतेम पानाभराचा आहे. तो प्रथम वाचावयास देतो. मग पोवाड्यातील कोळ्यांचा प्रसंग मोठ्याने म्हणवून घेतो. वर्गात हशा पिकतो. पहिल्या वेळी तर हसावे की नाही या शंकेने मुले एकमेकांकडे पाहू लागली होती. त्यानंतर चित्रपटातील कोणती गोष्ट यांपैकी कोणत्या कागदावर सापडते, ते शोधावयास सांगतो. कमळकुमारी एकाही कागदावर सापडत नाही, हे त्यांचे त्यांनाच कळते, आणि मग तिचा पत्ता १९०३ मध्ये लागतो.

सूर्याजी मात्र सापडतो. नायक पडल्यावर, पाय काढण्याच्या बेतात असलेल्या लोकांना थोपवून ज्याने गड घेतला तो माणूस सभासदाच्या पानावर स्वच्छ उभा आहे. गेल्या वर्षी जिंतूर तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले की, गड जर सूर्याजीने घेतला तर चित्रपट तानाजी पडल्यावर संपतो कसा. पुढचा सबंध तास त्या एका प्रश्नावर गेला.